उजनीच्या काठी दोन घटका

गड्ड्याची जत्रा आटोपली, संक्रांतीचा हलवा डब्याच्या तळाशी गेला, की सोलापुरातील घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो: एखाद्या रविवारी मुलांस न्यावे तरी कोठे? पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर ही आपली नेहमीची ठिकाणे. तेथे देवदर्शन घडते, वडीलधाऱ्यांस समाधान लाभते. परंतु मुलांचे डोळे काही निराळेच शोधीत असतात. अलीकडे या यादीत उजनीची भर पडली आहे. धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, होडीतून ते जवळून पाहावयास मिळतात, हे शाळेत कोणी तरी कोणास सांगतो आणि मग घरात हट्ट सुरू होतो.

आमच्याही घरी तो झाला, आणि गेल्या माघात आम्ही घरची अकरा माणसे काठावर जाऊन आलो. त्या दिवशी जे पाहिले, जे ऐकिले आणि आमच्या हातून जी चूक होता होता राहिली, ती आज वाचकांपुढे ठेवावी असे मनात आहे. कित्येक वाचक म्हणतील की, मासे आणि मासेमारी यांच्याशी आपणांस काय कर्तव्य? आपल्यांपैकी पुष्कळांच्या घरी मासा शिजत नाही. आमच्याही शिजत नाही. परंतु ज्या पाण्यात तो मासा राहतो, तेच पाणी आपल्या देवघरातील कलशात असते, ही गोष्ट आम्हांस त्या काठावर प्रथमच नीट उमगली.

प्रथम जागेची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. सोलापूरकरांस तळे नवे नाही. सिद्धरामेश्वरांचा तलाव गावाच्या मध्यभागीच आहे. गावाबाहेर हिप्परग्याचा, म्हणजेच एकरुखचा तलाव इंग्रजी अमदानीत, १८७१ च्या सुमारास पुरा झाला. पण उजनीचा पसारा या दोहोंच्या कल्पनेत मावणारा नव्हे. माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले हे धरण १९८० मध्ये पुरे झाले. भिंतीची लांबी सुमारे अडीच किलोमीटर. जलाशयास यशवंतराव चव्हाणांच्या स्मरणार्थ यशवंतसागर असे नाव दिलेले आहे. यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. मात्र त्यांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, हा मृतसाठा होय. मोऱ्यांतून कालव्यात सहजी न उतरणारे असे हे तळचे पाणी. वर्तमानपत्रांत 'उजनी उणे वीस टक्के' अशी वाक्ये वाचून पुष्कळांस कोडे पडते. त्याचा उलगडा हाच. वरचा सुमारे ५४ टीएमसीचा उपयुक्त साठा संपला, की खालच्या पाण्यास हात लागतो आणि तेथून उणे मोजणी सुरू होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ही मोजणी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. म्हणजे मृतसाठ्याचाही जवळजवळ निम्मा भाग उपसला गेला होता.

आता त्या रविवारची हकीकत. पहाटे चारास निघून उजाडता उजाडता आम्ही काठावर पोहोचलो. थंडी होती, वारा अगदी पडलेला, आणि दूर उथळ पाण्यात गुलाबी छटा असलेली पांढरी रांग दिसत होती. मुले हरखून गेली. कच्छच्या रणात अंडी घालणारा हा पक्षी हिवाळ्यात इकडे येतो, तो उघड्या पडलेल्या चिखलासाठी. वाकडी चोच उलटी करून तो उथळ पाण्यातील गाळ गाळतो आणि त्यातील सूक्ष्म जीव खातो. म्हणून ज्या वर्षी धरण उशिरापर्यंत काठोकाठ भरलेले असते, त्या वर्षी रोहितांचे आगमन लांबते. पाणी ओसरून दलदल उघडी पडली, की ते उतरतात. मुलांस ही गोष्ट सांगितली तेव्हा धाकटीने विचारले, "म्हणजे आपल्याला हवे असते भरलेले धरण, आणि त्यांना हवे असते रिकामे?" प्रश्न बरोबर होता, उत्तर आम्हांस चटकन सुचले नाही.

होडीवाला तरुण मोठा हसतमुख होता. त्याने आमची माणसे मोजली, लहान मुले मांडीवर घेतल्यास नऊ जण एका खेपेत जातील असे सांगितले आणि होडी काठास लावली. आम्ही धाकट्यास उचलून आत ठेविलेही. इतक्यात आमच्या काकूंनी, ज्यांचे वय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे, काठावरूनच विचारले, "अरे बाबा, अंगात घालायची जाकिटे किती आहेत तुझ्याकडे?"

"चार हायत की आजी. पर भ्यायचं कारन न्हाई. पानी बगा कसं गप हाय. रोज मानसं नेतुया म्या."

आम्हांस, खरे सांगावयाचे तर, काकूंचा थोडा रागच आला. पहाटेची वेळ, समोर पक्षी, मुले अधीर. अशा वेळी भित्रेपणाचे प्रदर्शन कशाला, असे मनात येऊन गेले. आम्ही म्हणालोही, "काकू, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे." त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "कुगावची होडी विसरलात वाटते?"

आम्ही विसरलो नव्हतो. परंतु त्या क्षणी आठवलेही नव्हते, ही लाजिरवाणी गोष्ट येथे कबूल करितो. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून पलीकडे इंदापूर तालुक्यातील कळाशी येथे जावयास निघालेली होडी सायंकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात माणसे होती. एकजण पोहून काठास लागला. सहा जण बुडाले, आणि त्यांत दोन अगदी लहान मुले होती. शोध पुढे दोन दिवस चालला होता. ती माणसे काही सहलीस निघालेली नव्हती. पाण्याच्या दोन काठांवर गावे आहेत, सोयरिकी आहेत. सडकेने जावे तर जलाशयास मोठा वळसा पडतो, म्हणून तेथे होडी हीच वाट झाली आहे. आपल्याकडे पेठेत जावयास रिक्षा करावी, तसे ते लोक होडीत बसतात. ज्यांचा जन्म त्या पाण्याकाठी गेला, त्यांसही वाऱ्याने फसविले. मग आमच्यासारख्या नळावर वाढलेल्यांनी त्या पाण्याची खात्री ती काय द्यावी?

काकूंनी निवाडा दिला. जेवढी जाकिटे तेवढीच माणसे जातील. बाकीची दुसऱ्या खेपेस आणि तिसऱ्या खेपेस. आम्हांस वाटले, होडीवाला कुरकुरेल. पण तो निमूटपणे "बरं आजी" म्हणाला, चारही जाकिटे काढून आपल्या हाताने मुलांच्या अंगात चढविली, बंद आवळून पाहिले. तेव्हा आमच्या लक्षात आले की, त्याने ती अडवून ठेविली नव्हती. आमच्याआधी कोणी मागितलीच नसावीत. जाकिटे अपुरी होती हा दोष त्याचा खरा. पण न मागता बसावयास निघालो, हा दोष सर्वस्वी आमचा. जेथे गिऱ्हाईक विचारीत नाही, तेथे दुकानदार वजने तपासून ठेवीत नाही, हा व्यवहार पाण्यावरही तसाच चालतो.

तीन खेपा होईतो आम्हांस काठावर दोन घटका थांबावे लागले, आणि त्या दोन घटकांनीच या लेखाचे कारण घडविले. शेजारीच एक बाई रात्री लाविलेल्या जाळ्यातून मासे सोडवीत बसल्या होत्या. उजनीवर अशीच रीत आहे: सायंकाळी जाळी पसरावयाची आणि पहाटे उचलावयाची. मग तो माल भिगवण, इंदापूर अशा बाजारांत जातो. काकू त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मासा न पाहणारी ही बाई आज माशांच्या पाटीशेजारी कशी बसली, याचे आम्हांस नवल वाटले. पण दोन म्हाताऱ्यांचे बोलणे जमावयास विषय लागत नाही.

"काय मिळतं गं यात?" काकूंनी विचारले.

"काय मिळायचं मावशी? समदी चिलापी. आदी मोठाला कटला यायचा, रोहू यायचा, वाम यायची. आता पाटी भरती, पर पैका न्हाई हुत."

हे म्हणणे आम्ही पुढे थोडे वाचून पाहिले, आणि त्यामागे पक्के कारण आहे असे दिसून आले. कटला, रोहू, मृगळ हे मासे वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. अडविलेल्या स्थिर पाण्यात त्यांची वीण जवळपास होतच नाही. म्हणून धरणात त्यांचे बीज बाहेरून आणून सोडावे लागते, आणि ते वाढेपर्यंत त्यास धीर द्यावा लागतो. चिलापीचे तसे नाही. आफ्रिकेतून १९५२ मध्ये आपल्या देशात आणलेला हा मासा स्थिर पाण्यातही वितो, आणि मादी पिलांस तोंडात घेऊन सांभाळते. साहजिकच जेथे इतर मासे मागे पडतात, तेथे हा फोफावतो. त्यात भर म्हणजे बारीक आसाची जाळी. बोटभर पिलूही जीतून सुटत नाही अशी जाळी ओढली, म्हणजे सोडलेले बीज मासा होण्यापूर्वीच संपते. शेतकऱ्याने पेरलेले बी दुसऱ्या दिवशी उकरून विकावे, तसाच हा प्रकार. या जाळ्यांविरुद्ध तक्रार करणारे प्रथम तेथील जुने मच्छीमारच आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारण्यास तर कायद्यानेच बंदी आहे. परंतु कायदा काठावर उभा राहावयास माणूस लागतो.

दुसरी तक्रार आमच्या अधिक जिव्हारी लागली. त्या बाईंनी पाटीच्या तळाशी पडलेला एक काळपट, खवल्यांचे चिलखत घातल्यासारखा मासा उचलून दाखविला. "ह्यो सकर. कुनी खात न्हाई, अन जाळं फाडतुया." हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. तो येथे नदीने आला नाही. तो आला दिवाणखान्यातून. काचेच्या पेटीत शेवाळ खाणारा म्हणून हौसेने आणतात, मोठा झाला, पेटीत मावेना, की "जिवंत प्राणी मारावयाचा कसा?" म्हणून एखाद्या नदीत वा तळ्यात सोडून देतात, आणि वर थोडे पुण्यही पदरी पडले असे समजतात. वाचकहो, हे पुण्य एका गरीब बाईच्या जाळ्यास भोक पाडीत आहे. अशी पेटी आपल्यांपैकी अनेकांच्या घरी आहे. आमच्या पुतण्यांच्या खोलीतही आहे. त्यातील मासा नकोसा झाल्यास विकणाऱ्याकडे परत द्यावा, दुसऱ्या हौशी घरी द्यावा; पण वाहत्या वा साठलेल्या पाण्यात कदापि सोडू नये. एवढा एक नियम घरोघरी पाळला गेला, तरी आमचे लिहिणे सार्थकी लागले.

तिसरी गोष्ट त्या बाई सहज बोलून गेल्या. पायाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दिसभर पान्यात हुबं ऱ्हायलं की पाय खाजत्यात बगा. उनाळ्यात तर पानी हिरवंगार. वास मारतंया." आणि मग काकूंकडे पाहून, "तुमच्या नळाला ह्येच पानी येतंय न्हवं?"

काकू काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही. कारण उत्तर 'होय' असेच होते. उजनीचे पाणी जलवाहिनीने सोलापुरास येते, आणि नदीत सोडलेले पाणी टाकळीजवळ उचलूनही आणिले जाते. चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळास येणाऱ्या पाण्याची वाट पाहत आपल्या कित्येक वर्षांच्या पहाटा गेल्या. पाणी कधी येणार हे आपण विचारतो. कोठून आणि कशातून येते, हे विचारीत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन मोठ्या शहरांचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून या जलाशयात उतरते. त्यातील मलांश हे शेवाळास आणि जलपर्णीस खतच होय. उन्हाळ्यात पाणी कमी होते, घाण तेवढीच राहते, आणि मग हिरवी साय धरते. हेच शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तो पाण्यातून ओढून घेते; म्हणून पहाटेच्या वेळी मासे वर येऊन तोंड उघडतात. नळाचे पाणी शुद्ध करण्यासाठी यंत्रे आहेत, तुरटी आहे, क्लोरीन आहे. माशास यांपैकी काहीच नाही. याचाच अर्थ असा की, पाणी बिघडले, तर ती बातमी प्रथम त्यास कळते, नंतर त्यास पकडणाऱ्यास, आणि सर्वांत शेवटी आपणांस. ज्याच्या घरी मासा शिजत नाही त्यानेही माशाची चौकशी ठेवावी, ती याकरिता.

आता जे वाचक या हंगामात काठावर जाऊ इच्छितात, त्यांच्यासाठी चार व्यावहारिक गोष्टी. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा पक्षी पाहण्याचा काळ. भिगवण, कुंभारगाव, डाळज हा पुणे जिल्ह्याकडील काठ त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि मच्छीमारांची तरुण मुले तेथे वाट दाखविण्याचे काम करितात. पहाटे वारा पडलेला असतो, म्हणून पाण्यावर जावयाचे ते सकाळी लवकर. दुपारनंतर, आणि चैत्र-वैशाखात वळवाच्या दिवसांत तर सायंकाळी मुळीच जाऊ नये. भीमानगरजवळच्या धरणाच्या भिंतीवर परवानगीवाचून जाता येत नाही. तेथे पहारेकऱ्याशी हुज्जत घालून मुलांपुढे वाईट धडा ठेवू नये. माणशी एक जाकीट नसेल, तर होडीत बसू नये. आणि असेल तर ते मांडीवर न ठेवता अंगात घालावे, वडीलधाऱ्यांनी सर्वांत आधी, म्हणजे मुले कुरकुर करीत नाहीत. पाण्यावर तरंगणारे थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या दिसल्या तर त्या कचरा नसून खाली पसरलेल्या जाळ्याच्या खुणा असतात. त्यावरून होडी हाकावयास सांगू नये. आणि पक्षी उडविण्यासाठी होडीवाल्यास जास्त पैसे देऊ करू नयेत. थवा एकदम उडाला म्हणजे छायाचित्र सुरेख येते खरे. परंतु दूरच्या प्रवासाने आलेल्या पाहुण्यास पानावरून उठविणे हे आपल्या घरच्या रीतीत बसत नाही.

उजनीवर जलपर्यटनाची मोठी योजना सरकारने आखलेली आहे. ती व्हावी, काठावरच्या लोकांस चार पैसे मिळावेत, याविषयी आमचे दुमत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, येणाऱ्यांसाठी उपाहारगृहे बांधण्यापूर्वी प्रत्येक होडीत पुरेशी जाकिटे असावीत, वारा सुटल्यास होडी थांबविण्याचा अधिकार असलेला माणूस धक्क्यावर असावा, आणि दोन काठांवरील गावांची ये-जा निर्धोक व्हावी. पाहुण्यांसाठी जी व्यवस्था होईल, ती कुगावच्या आणि कळाशीच्या माणसांसही मिळाली पाहिजे. कारण आपण वर्षातून एकदा त्या पाण्यावर जातो, ती माणसे रोज जातात.

परतताना मुले गाडीत पेंगत होती. धाकटी मात्र जागी होती. सकाळच्या आपल्या प्रश्नास उत्तर मिळाले नाही, हे ती विसरली नव्हती. तेव्हा काकूंनीच तिला सांगितले, "धरण भरते आणि रिकामे होते, ते होऊ दे. पाणी स्वच्छ असले म्हणजे दोघांचेही भागते." दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. काकूंनी नेहमीप्रमाणे कळशी भरली, आणि झाकण ठेवण्यापूर्वी क्षणभर आत वाकून पाहिले. हल्ली आमच्या घरी सगळेच तसे पाहतात.